भरपाई मिळाली, पण कुणाला?

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी सहज दोन ओळी लिहून गेले होते की ब्रिटनने गुलामी बंद करताना जे कर्ज काढलं होतं ते फिटलं 2015 मधे. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. काही पत्रं रागावलेली आहेत, काही खरंच गोंधळलेली, आणि एक-दोन वाचून मी बराच वेळ काही न करता नुसती बसून होते. जागेसाठी पत्रं थोडी कापलीत आणि नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न: ताई, तुमचं सदर आवडीने वाचतो पण यावेळी पटलं नाही. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुणाला गुलाम केलं, करणारेही गेले आणि सोसणारेही गेले. आज जिवंत असलेल्या एकाचाही त्यात हात नाही. जुनी मढी उकरून आजवर कुणाचं भलं झालंय? – एक निवृत्त वाचक

काका, रागावून का होईना तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण हाच प्रश्न आणखी बऱ्याच पत्रांत आहे. आधी ते कर्जाचं नीट सांगते, मागच्या वेळी मी ते फार घाईत उरकलं होतं.

1833 मधे ब्रिटनच्या संसदेने गुलामी बंद करण्याचा कायदा केला, तो लागू झाला 1 ऑगस्ट 1834 ला. त्यात 2 कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. ही रक्कम तेव्हाच्या सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या जवळपास 40 टक्के होती, म्हणजे किती मोठी ते बघा, आणि त्यातले दीड कोटी तर रॉथशिल्ड वगैरे बँकवाल्यांकडून कर्जाने उभे केले. आता भरपाई म्हटलं की आपल्याला वाटतं ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना मिळाली असेल. नाही. ती मालकांना मिळाली, त्यांची 'मालमत्ता' सरकारने काढून घेतली म्हणून. साधारण 46 हजार दावे आले, त्यात मोठे मळेवाले होते तसे दोन-चार माणसं बाळगून असलेल्या विधवा बायका होत्या, चर्चचे पाद्री होते, आणि हे सगळं दाव्यागणिक नोंदलेलं आहे, कुणाला किती पैसे, किती माणसांबद्दल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने तो सगळा रेकॉर्ड आता खुला केलाय, कुणीही बघू शकतं. आणि जी 8 लाख माणसं सुटली त्यांना एक पेनीसुद्धा नाही. उलट त्यांना 'शिकाऊ उमेदवार' असं नाव देऊन त्याच मालकाकडे, त्याच उसाच्या शेतात, आणखी चार वर्षं फुकट राबवलं, 1838 पर्यंत. म्हणजे भरपाईचा एक हप्ता पैशात दिला सरकारने आणि दुसरा घामात दिला त्या माणसांनीच, मला तरी ते असंच दिसतं.

ते कर्ज पुढे दुसऱ्या सरकारी कर्जांत मिसळत गेलं आणि शेवटी 2015 मधे चुकतं झालं. आता तुम्ही म्हणता आज जिवंत असलेल्या कुणाचा संबंध नाही. काका, 2015 पर्यंत ब्रिटनमधे टॅक्स भरणारे कोण होते? त्यात 1948 नंतर जमैका, बार्बाडोस, त्रिनिदादहून बोटीने आलेली कुटुंबंही होती, नर्सिंग केलेली, बस चालवलेली माणसं. त्यांच्या पणजीला राबवून घेणाऱ्याची भरपाई त्यांच्या पगारातून कापली जात होती. ब्रिटनच्या अर्थखात्याने ही गोष्ट 2018 मधे ट्विटरवर अभिमानाने सांगितली, की बघा तुम्ही सगळ्यांनी मिळून गुलामी संपवायला पैसे दिलेत. लोक भडकल्यावर ट्वीट काढलं. आणि त्याच वर्षी हेही बाहेर आलं की याच कॅरिबियन कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांना 'तुमच्याकडे इथे राहण्याचे कागद कुठेत' म्हणून हाकलायचं चाललं होतं, आणि ती माणसं कधी उतरली याची जी लँडिंग कार्डं सरकारकडे होती ती सरकारनेच 2010 मधे नष्ट करून टाकली होती. मालकाचा 1830 च्या दशकातला कागद शाबूत आणि मजुराचा 1950 च्या दशकातला गायब. हे दोन कागद मी मनात शेजारी शेजारी ठेवते तेव्हा मला 'जुनी मढी' हा शब्द वापरता येत नाही, खरंच नाही येत.

हैतीचं तर याहून वाईट. तिथल्या गुलामांनी स्वतः लढून फ्रान्सला हरवलं आणि 1 जानेवारी 1804 ला देश स्वतंत्र केला. 1825 मधे फ्रान्सच्या राजाने 14 लढाऊ जहाजं पाठवली आणि सांगितलं, आमच्या मळेवाल्यांचं नुकसान भरून द्या, 15 कोटी फ्रँक, तर तुम्हाला देश म्हणून मान्यता. नुकसानीत जमीन धरली होती आणि माणसंही धरली होती, म्हणजे त्या लोकांनी स्वतःची किंमत स्वतःच भरायची. एवढे पैसे कुठून येणार, मग पहिल्या हप्त्यासाठी फ्रेंच बँकांकडूनच 3 कोटींचं कर्ज घ्यायला लावलं आणि हातात पडले 2 कोटी 40 लाख, बाकीचे कापून घेतले. आपल्याकडे सावकार कसा आधीच व्याज कापून पैसे द्यायचा तसंच. पुढे 1838 मधे एकूण रक्कम 9 कोटींवर आणली, पण ती भरायला काढलेली कर्जं फिटता फिटता 1947 उजाडलं. सव्वाशे वर्षं जो पैसा रस्ते, शाळा, दवाखान्यात जायला हवा होता तो बाहेर गेला, आणि मग आपण टीव्हीवर भूकंपाच्या बातमीत बघतो आणि म्हणतो, हा देश इतका गरीब का बरं.

तेव्हा काका, उकरायचं म्हणून कुणी उकरत नाहीये. हप्ते कोण भरत होतं एवढंच विचारतायत लोक.

प्रश्न: ताई मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपमधे वाद झाला. मित्र म्हणतो अमेरिकेत गुलामी 1865 ला संपली, 160 वर्षं झाली, बाकीच्या देशांतून रिकाम्या हाताने गेलेले लोक दोन पिढ्यांत वर आले, मग काळ्या लोकांनाच का जमलं नाही. मला त्याचं म्हणणं चुकीचं वाटतं पण उत्तर देता आलं नाही.

तुला उत्तर देता आलं नाही यात तुझी चूक नाही, शाळेत आपण '1865, गुलामगिरी नष्ट' एवढंच पाठ करतो आणि पुढचं पान उलटतो. तर पुढचं पान असं आहे.

ज्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी बंद केली तिच्यातच एक पळवाट आहे, गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सक्तीची मजुरी चालेल. झालं. दक्षिणेतल्या राज्यांनी त्याच वर्षी कायदे करायला सुरुवात केली. मिसिसिपीत प्रत्येक काळ्या माणसाने दर जानेवारीत आपल्याकडे वर्षभराचं काम असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा, नाहीतर तो भटका, म्हणजे गुन्हेगार, म्हणजे अटक, दंड, आणि दंड भरायला पैसे नाहीत म्हणून मजुरी. तुरुंगातले कैदी खाणींना, मळ्यांना, रेल्वेच्या कामाला भाड्याने द्यायची पद्धत सुरू झाली, अलाबामात ती 1928 पर्यंत चालली. 2018 मधे टेक्सासच्या शुगर लँड गावात एका शाळेचं बांधकाम चालू असताना जमिनीखाली 95 माणसांची हाडं सापडली, उसाच्या मळ्यावर असे भाड्याने दिलेले कैदी. मालकाला गुलाम निदान विकत घ्यावा लागायचा, मेला तर त्याचं नुकसान व्हायचं. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मागवायचा. गावाचं नाव बघ, शुगर लँड.

आणि जमिनीचं. जानेवारी 1865 मधे उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मनने हुकूम काढला की किनाऱ्यालगतची जमीन सुटलेल्या कुटुंबांना वाटा, 40 एकरपर्यंत. साधारण 40 हजार माणसं तिथे जाऊन वसली, पेरणी केली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत अध्यक्ष जॉन्सनने हुकूम फिरवला आणि जमीन जुन्या मालकांना परत. तुझा मित्र म्हणतो ना रिकाम्या हाताने गेलेले, तर यांचे हात रिकामे नव्हते, त्यात दिलेलं काढून घेतलं होतं. वॉशिंग्टन शहरात 1862 मधे गुलामी बंद केली तेव्हा पैसे कुणाला दिले विचार, मालकांना, माणशी 300 डॉलरपर्यंत. पुढे 1930 च्या दशकात घरासाठी सरकारच्या आधाराने स्वस्त लोन मिळायला लागलं तेव्हा शहरांचे नकाशे काढून काळ्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या, तिथे लोन देणं धोक्याचं. साध्या माणसाची इस्टेट म्हणजे बहुतेक वेळा राहतं घरच असतं, तेच पोरांना जातं. ते घरच घेऊ दिलं नाही तर पोरांना काय जाणार. त्यावर कायद्याने बंदी आली 1968 ला, म्हणजे तुझ्या आजीच्या वयाची माणसं तेव्हा शाळेत होती.

पण मला तुला खरं तर एक दुसरीच गोष्ट सांगायचीय, कारण ती पण वाचकांच्या पत्रांची आहे आणि मी हे सदर लिहिते म्हणून असेल, मला ती विसरता येत नाही. 1879 पासून न्यू ऑर्लिन्सच्या साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट या चर्चच्या पेपरमधे एक सदर यायचं, लॉस्ट फ्रेंड्स, हरवलेली माणसं. पेपरच्या वर्गणीदारांना फुकट, बाकीच्यांना 50 सेंट. पत्र संपादकाला उद्देशून लिहिलेलं असायचं आणि त्यात साधारण असं असायचं की मला माझ्या माणसांची चौकशी करायचीय, आईचं नाव हे, ती अमक्याच्या मालकीची होती, मग तिला तमक्याला विकली, मला त्यांच्या मुलीच्या लग्नात भेट म्हणून दिलं आणि टेक्सासला नेलं, भावंडं एवढी होती, नावं ही, मी शेवटचं बघितलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. पाद्र्यांना विनंती असायची की ही पत्रं चर्चमधे मोठ्याने वाचून दाखवा, कारण ज्यांना शोधतोय त्यांना वाचता येत असेलच असं नाही.

यात एक गोष्ट नीट बघ. आईचा शोध घ्यायला आईला विकणाऱ्याचं नाव लिहावं लागत होतं. कारण दुसरी खूणच नव्हती. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांच्या यादीवर नाव मालकाचं, त्याखाली नुसतं वय, स्त्री की पुरुष, रंग. सगळ्या काळ्या माणसांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली 1870 च्या जनगणनेत. आजही तिकडे आपलं मूळ शोधणारे लोक मागे मागे जात 1870 पर्यंत पोचतात आणि तिथे भिंत लागते, पुढे जायचं तर मालकाचं मृत्युपत्र, मालकाचं कर्जखत, मालकाची हिशोबाची वही. आणि ही हरवल्याची पत्रं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत येत राहिली, म्हणजे सुटून चाळीस वर्षं झालेली माणसं अजून आईला शोधत होती. मित्राला विचार, दोन पिढ्यांत वर येणाऱ्यांकडे निदान आई कोण ते माहीत होतं का.

(जोराने नको विचारू पण. वाद जिंकायला ही गोष्ट वापरू नये असं मला वाटतं.)

प्रश्न: आफ्रिकेतल्या राजांनीच आपली माणसं पकडून विकली, हे कुणी का सांगत नाही? दोष एकट्या युरोपियन लोकांना का?

सांगतात की. दाहोमेचं राज्य, आजचा बेनिन देश, या धंद्यावर मोठं झालं हे तिथल्या इतिहासात उघड लिहिलेलं आहे, आणि त्या देशाचे अध्यक्ष केरेकू यांनी 1999 मधे अमेरिकेत जाऊन त्याबद्दल माफी मागितली. 2024 मधे बेनिनने कायदा केला की जगात कुठेही असलेल्या गुलामांच्या वंशजांना इथलं नागरिकत्व मिळू शकेल.

फक्त 'आपली माणसं' हा शब्द काढा. पकडणाऱ्याला ती आपली वाटत नव्हती, दुसऱ्या राज्याची, दुसऱ्या भाषेची होती, 'आफ्रिकन' ही ओळख जहाजावर चढवल्यानंतरची. आणि धंदा जसा वाढला, म्हणजे सगळा मिळून सव्वा कोटी माणसांना जहाजात कोंबलं आणि त्यातली साधारण 18 लाख समुद्रातच मेली, तसं नुसत्या लढायांवर भागेना, मग माणसं ओळखीच्यांना फसवून, कधी नात्यातल्यांनाच फसवून विकायला लागली. बंदुका हव्यात तर माणसं द्या आणि बंदुका नसतील तर शेजारी तुम्हाला पकडून देईल, असा तो फास. याचं काय झालं ते नेथन नन आणि लिओनार्ड वांचेकोन या दोन अर्थतज्ज्ञांनी 2011 मधे दाखवलं. ज्या जमातींतली माणसं सर्वात जास्त नेली गेली त्यांच्यातले लोक आजसुद्धा शेजाऱ्यावर, नातेवाइकावर, गावच्या कारभाऱ्यावर कमी विश्वास ठेवतात. वांचेकोन स्वतः बेनिनचे. विश्वास नाही तर भागीदारी नाही, उधारी नाही, सोसायटी नाही, सगळंच अडतं. तुमचा प्रश्न दोषाचा होता, पण मला त्यातून हीच गोष्ट जास्त लागली.

प्रश्न: आमच्या आजेसासूबाई सांगायच्या की त्यांच्या घरातले एक जण 'मिरिच देशात' गेले ते परत आलेच नाहीत. मुलगा म्हणाला ते गिरमिट असणार. गिरमिट म्हणजे गुलामीच का हो ताई? आणि अशा माणसाचा माग लागतो का?

वहिनी, मिरिच म्हणजे मॉरिशस. आणि गिरमिट म्हणजे अ‍ॅग्रीमेंट, बोलता बोलता तसं झालं. वर जो 1834 चा कायदा सांगितला ना त्याचंच हे दुसरं टोक. गुलाम सुटणार म्हणजे ऊस कोण तोडणार, म्हणून त्याच वर्षी हिंदुस्थानातून मजूर न्यायला सुरुवात झाली, आणि ही भरती 1917 पर्यंत चालू राहिली. एकूण दहा लाखांवर माणसं गेली, मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत, सुरीनाम, फिजी. एकट्या मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास. जास्त करून कलकत्ता आणि मद्रासहून, पण मुंबई बंदरातूनही गेली, आणि म्हणून तिथे आजही मराठी आडनावं आहेत, मराठी शिकवली जाते.

गुलामीच का, तर नाही, आणि हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितेय. करार पाच वर्षांचा होता, पगार ठरलेला होता, पोटचं पोर मालकाचं होत नव्हतं. पण राहायच्या जागा बऱ्याचदा गुलामांच्याच खोपट्या, मुकादमाचा चाबूक ओळखीचा, आणि एक दिवस गैरहजर तर दोन दिवसांचा पगार कापायचे. करार संपलेल्यांनाही 1867 च्या कायद्याने फोटो लावलेलं तिकीट सतत खिशात बाळगावं लागायचं, नसलं की भटका म्हणून अटक. मिसिसिपीतला जानेवारीचा कागद आठवला ना? तेच औषध, दुसरी बाटली. या तिकिटाविरुद्ध 1871 मधे 9,401 जणांनी अर्ज केला, त्यावर इंग्लंडहून चौकशी कमिशन आलं.

आणि एक गोष्ट जी आपण गिरमिटियांची गोष्ट सांगताना गाळतो. मॉरिशसच्या मळेवाल्यांना त्या 2 कोटी पौंडांतले 20 लाखांहून जास्त मिळाले, आणि त्यानंतर त्याच मळ्यांवर आपली माणसं उतरत गेली. सुटलेले आफ्रिकन आणि मादागास्करचे लोक मळे सोडून किनाऱ्याला, डोंगरात निघून गेले, त्यांच्याकडे ना पैसा ना जमीन, आणि त्यांचे वंशज तिथे आजही बरेच मागे आहेत. तिथे 2009 मधे सत्य आणि न्याय आयोग नेमला, 2011 मधे त्याचा अहवाल आला, त्यात दोन्हींचा विचार आहे, गुलामीचा पण आणि गिरमिटचा पण. आपल्या माणसांचं सोसणं खरं, आणि त्यांना ज्यांच्या जागी नेलं त्यांचंही खरं.

माग लागू शकतो. मॉरिशसमधे मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधे ते जुने रजिस्टर सांभाळलेत. प्रत्येकाला नंबर, बोटीचं नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरच्या खुणा, आणि पुढच्या काळातल्या कित्येकांचे फोटोसुद्धा. नावाचं स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं, त्यामुळे शोधताना दोन-चार तऱ्हांनी लिहून बघायचं, आणि गाव-तालुका आणि साधारण साल घरात कुणाला आठवतंय का ते आधी विचारून ठेवा. सापडलं तर मला नक्की कळवा, वहिनी. माणूस नंबर म्हणून गेला तरी त्याचं नाव तिथे लिहिलेलं आहे, आणि वर सांगितलेल्या न्यू ऑर्लिन्सच्या पेपरात पत्रं लिहिणाऱ्यांना हे मिळालं नव्हतं.

प्रश्न: मी हायस्कूलला इतिहास शिकवते. रवांडाबद्दल मुलं विचारतात की बाई, ज्याने आपल्या घरातलं माणूस मारलं त्याच्या शेजारी लोक राहतात कसे? मी काय सांगू?

बाई, हे त्यांनाही सोपं गेलं नाही, असंच सांगा.

आधी मुलांना कार्ड दाखवा. 1933 पासून बेल्जियन सरकारने रवांडात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी की त्वा ते छापायला सुरुवात केली. हे शब्द आधी नव्हते असं नाही, पण आधी माणूस श्रीमंत झाला, गुरं वाढली, लग्न झालं की थोडं इकडचं तिकडे व्हायचं, कार्डावर छापल्यावर ते बापाकडून पोराला जायला लागलं. देश 1962 ला स्वतंत्र झाला, कार्ड तेच राहिलं. एप्रिल 1994 पासून शंभर दिवस तुत्सींची कत्तल चालली, तेव्हा हुतू टोळ्या रस्त्यारस्त्यावर नाके लावून तेच कार्ड मागायच्या. साहेबाने कारभार सोपा जावा म्हणून पाडलेला रकाना साठ वर्षांनी माणूस जगणार की मरणार ते ठरवत होता. आपल्याकडे 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो 1952 ला रद्द झाला, पण त्या जमातीत जन्मलेल्या पोराकडे गावात चोरी झाली की आधी बघतात, हे मुलांना सांगितलंत तर त्यांना रकाना म्हणजे काय ते लगेच कळेल. रवांडाने 1994 नंतर तो रकानाच काढून टाकला.

मग गचाचा. गावातल्या मोकळ्या जागेवर, गवतावर बसून चालवलेली कोर्टं, 12 हजारांच्या आसपास, 2012 पर्यंत त्यांनी 19 लाखांच्या घरात खटले संपवले. वकील नाही, न्यायाधीश गावानेच निवडलेले. कबुली दिली आणि प्रेतं कुठे टाकली ते सांगितलं तर शिक्षा कमी व्हायची. यावर टीका भरपूर झाली आणि ती बरोबर आहे, साक्षीदारांना धमक्या आल्या, खोट्या साक्षी झाल्या, सत्तेत आलेल्यांच्या सैनिकांनी केलेले खून तिथे आलेच नाहीत. पण कित्येक बायकांना तिथे पहिल्यांदा कळलं की नवरा कुठल्या विहिरीत आहे, आणि त्यांना माती देता आली. राहतात कसे याचं एक उत्तर हे पण आहे, की दुसरीकडे जायला जागा नाही आणि शेत शेजारीच आहे.

युद्ध संपल्यावरही ते कसं उरतं हे दाखवायला वेळ असेल तर लाओसपण सांगा, लहान मुलांना ते पटकन पोचतं. 1964 ते 1973 अमेरिकेने तिथे 20 लाख टनांवर बॉम्ब टाकले, त्यात टेनिसच्या चेंडूएवढे 27 कोटी छोटे बॉम्ब, आणि त्यातले 30 टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. तिथे त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. शेतकरी कुदळ खोल मारायला घाबरतो म्हणून पीक कमी, आणि पोरं चेंडू समजून उचलतात. 1974 नंतर, म्हणजे शांततेत, 20 हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. आणि त्याच बॉम्बच्या अ‍ॅल्युमिनियमचे चमचे करून लोक पोट भरतात. शक्य असेल तर त्या चमच्याचा फोटो वर्गात दाखवा, फार बोलावं लागणार नाही.

प्रश्न: माफी मागून काय होतं? नुसते शब्द. आणि पैसे द्यायचे तर कुणाला, किती, हिशोब कसा लावणार?

हिशोब लावता येत नाही असं नाही, मालकांचा लावला होताच की, 46 हजार दाव्यांचा, कॉम्प्युटर नसताना. अडचण ही आहे की दुसऱ्या बाजूचे कागद मुद्दाम संपवले गेले. ब्राझीलने गुलामी 1888 मधे बंद केली, आणि 1890 मधे अर्थमंत्र्याने हुकूम काढला की गुलामांच्या नोंदी जाळून टाका. ब्रिटनने वसाहती सोडताना अडचणीच्या फायली जाळल्या, पेट्यांना वजन बांधून खोल समुद्रात बुडवल्या, जाळल्यावर राखसुद्धा कुटून टाकायच्या सूचना होत्या. आणि या कामाला नाव काय होतं, तर ऑपरेशन लेगसी. वारसा.

तरी काही फायली राहिल्या. केनियात ब्रिटिशांविरुद्ध जंगलातून लढणाऱ्यांचं माऊ माऊ बंड झालं, त्या 1952 ते 1960 आणीबाणीच्या काळात ब्रिटिशांनी छावण्यांत कोंडून ज्यांचे हाल केले त्यातल्या काही म्हाताऱ्या माणसांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला. सरकार म्हणत होतं कागद नाहीत. केस चालू असताना 2011 मधे कबूल करावं लागलं की इंग्लंडमधल्या हॅन्सलोप पार्क या सरकारी जागेत 37 जुन्या वसाहतींच्या हजारो फायली लपवून ठेवल्यात. जून 2013 मधे तडजोड झाली, परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत खेद व्यक्त केला आणि 5,228 जणांसाठी 1 कोटी 99 लाख पौंड मंजूर झाले, कोर्टाचा खर्च त्यातच. तो वजा जाऊन माणशी साधारण 2,600 पौंड. मालकांना 1833 मधे 2 कोटी, यांना 180 वर्षांनी जवळजवळ तोच आकडा, आणि दरम्यान पौंडाची किंमत कुठल्या कुठे गेलेली.

नुसते शब्द म्हणता, पण कोर्टात गेलेल्यांपैकी बरेच जण ऐंशीच्या घरातले होते आणि इतकी वर्षं त्यांना सरकारी भाषेत दहशतवादीच म्हटलं जात होतं. संसदेत उभं राहून मंत्री म्हणाला की हो, छळ झाला, तेव्हा गावात पोरानातवंडांसमोर ते खरं ठरले, याला मी शब्द म्हणून सोडून देणार नाही. जर्मनीने 2021 मधे नामिबियातला वंशसंहार मान्य केला आणि 30 वर्षांत 110 कोटी युरो द्यायचं ठरवलं, पण हेरेरो आणि नामा लोकांचं म्हणणं की ज्यांची माणसं मेली त्यांनाच बोलणी करताना नीट बसवलं नाही, म्हणून ते अजून भांडतायत. पैसा मोठा असूनही शब्द चुकले की असं होतं.

केनियाच्या तडजोडीत नैरोबीत एक स्मारक उभारायचंही ठरलं होतं, ते 2015 मधे उहुरू पार्कमधे झालं. त्यात एक बाई जंगलातल्या लढवय्याला जेवणाची टोपली देतेय, आणि दोघांची तोंडं एकमेकांपासून फिरवलेली आहेत, कारण चेहरा बघितलाच नसेल तर छावणीत कितीही मारलं तरी ओळख पटवता येणार नाही.